प्रतिवादी क्र. ४ अ ऑनलाइन आहेत

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांना देवानं भांडायला विषय कमी दिलेले नाहीत. डोंगराच्या अंगाला वरकस, मध्ये भाताची खाचरं, खाडीकडे खारेपाट आणि या सगळ्यांच्या मधोमध बांध. बांधाइतकी चंचल वस्तू आमच्याकडे दुसरी नाही. दर पावसाळ्यात तो थोडा सरकतो, आणि सरकतो तो नेमका आपल्याच शेतात. बांधातून सुटलंच कुणी, तर पणजोबांनी लावलेला आंबा आहे, समाईक विहीर आहे, कुणाच्या तरी पडवीला घासून जाणारी पायवाट आहे, आणि मुंबईला गेलेल्या काकांचं कुलूप लागलेलं घर तर आहेच. आमच्याकडचं पोर बाराखडी शिकायच्या आधी सात-बारा ऐकतं.

मी स्वतः एका वाटपाच्या दाव्यात प्रतिवादी क्र. ४ अ आहे. वडील क्र. ४ होते. ते गेले, वारस लागले, मी ४ अ झालो आणि बहीण ४ ब. दावा जिल्ह्यातल्या एका कोर्टात आहे. कोणत्या, ते सांगत नाही. एक तर प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, आणि दुसरं म्हणजे वादी माझा सख्खा चुलतभाऊ असून त्याला वाचनाची आवड आहे. वारशात जमीन येईल तेव्हा येईल, तारीख मात्र लगेच आली.

तारखेला जायचं म्हणजे पूर्वी अख्खा दिवस त्यात जाई. घर पेणला आणि जमीन रोह्याकडे, किंवा उलट, अशी माणसं इथे पुष्कळ. दिवा-रोहा गाडीत खिडकीशी बसून कासू, नागोठणे, निडी करत जायचं. मांडीवर कागदांची पिशवी, आणि पिशवीवर हमखास एखाद्या साडीच्या दुकानाचं नाव, कारण घरातली सगळ्यात चांगली पिशवी तीच. कोर्टात पोचलं की बोर्ड बघायचा, पुकारा होईपर्यंत बाकावर बसायचं, पुकारा झाला की चपला सावरत आत धावायचं, आणि आपण आत पोचेपर्यंत वकिलांनी पुढची तारीख घेऊन बाहेर यायचं. मग उरलेला दिवस आपला. त्याच दिवशी बियाणं घ्यायचं, दुखरा दात दाखवायचा, लेकीच्या सासरी डोकावायचं. "तारखेला आलोय" हे कारण एवढं वजनदार, की व्याह्यांकडेही जेवल्याशिवाय सुटका नसे.

आता हे सगळं फोनमध्ये आलं आहे. ई-कोर्ट्स प्रकल्प देशात २००७ साली सुरू झाला. २०२३मध्ये त्याच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रानं ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. तो आकडा ऐकून आमचे तात्या (नात्यानं कुणीच नव्हेत, हक्कानं तात्या) म्हणाले, "एवढ्या पैशात दोन्ही पार्ट्यांना वेगवेगळी जमीन घेऊन दिली असती, तर कोर्टच लागलं नसतं." तात्या खारेपाटातले. त्यांचा दावा १९९८चा. ते साल आमच्याकडे मोठं भाग्याचं. २६ जानेवारीला कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला. २१ जुलैला सरकारनं अधिसूचना काढून जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी केली. आणि त्यानंतर लगेच तात्यांनी मराठीतून दावा ठोकला. कोकण रेल्वे रोह्याहून निघाली ती पार मंगळूरला पोचली. तात्यांचा दावा अजून यार्डातच उभा आहे.

तर ई-कोर्ट्सचं अ‍ॅप. प्रत्येक दाव्याला आता १६ अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांक मिळाला आहे. तो हाताशी असला की पुढची तारीख, टप्पा, मागच्या सगळ्या तारखा असं सारं समोर येतं. हाताशी नसला तर नावानं शोधायचं. आता पेण तालुक्यात ‘पाटील’ असं टाकून शोधणं म्हणजे काय, ते ज्यानं शोधलं तोच जाणे. पाटील आवरले तर म्हात्रे उभे राहतात, म्हात्र्यांच्या मागे ठाकूर, भोईर. त्यातून इंग्रजी स्पेलिंग टंकणाऱ्याच्या मर्जीवर. तात्यांचं नाव सात-बारावर एक, आधारवर दुसरं आणि कोर्टाच्या नोंदीत तिसरंच. तीन नावांनी वावरणाऱ्या माणसाचा संशय यायला हवा, पण आमच्याकडे ते इभ्रतीचं लक्षण मानतात. नाव सापडायच्या आधी पडद्यावर वेडीवाकडी अक्षरं येतात, ती ओळखून दाखवायची, म्हणजे आपण यंत्र नसून माणूस आहोत अशी खात्री पटते. तात्या चष्मा वर करून म्हणाले, "मी माझ्या बापाचा मुलगा आहे हे सिद्ध करता करता म्हातारा झालो. आता मी माणूस आहे हेपण सिद्ध करायचं?"

पण एकदा का हात बसला, की तात्यांसारखा पक्षकार भारी पडतो. पूर्वी तारखेचं ज्ञान वकिलांच्या काळ्या डायरीत बंद असायचं. पक्षकारानं फोन करायचा, वकिलांनी "कळवतो" म्हणायचं. आता फोन उलट्या कारणासाठी जातो.

"साहेब, उद्या बोर्डावर आपला नंबर सतरावा आहे."

"माहीत आहे तात्या."

"आणि साहेब, गेल्या टायमाला तुम्ही बोललात, जज्जसाहेब रजेवर होते."

"हो, मग?"

"रोजनाम्यात तर वकील गैरहजर असं दिसतंय."

पलीकडे बराच वेळ शांतता. रेंज गेली की काय, म्हणून तात्यांनी दोनदा "हॅलो" केलं. रेंज होती.

ही मला या सगळ्या व्यवहारातली खरी क्रांती वाटते. निकाल लवकर लागतो असं मी म्हणणार नाही. जिल्हा-तालुका न्यायालयांत तुंबलेले खटले देशभरात चार कोटींच्या वर आहेत, आणि हा आकडासुद्धा आता कुणालाही घरबसल्या बघता येतो. २०१५पासून राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर तो रोज मांडलेला असतो. बघून दुखणं कमी होत नाही, पण ताप किती आहे ते कळतं. आपल्याच जिल्ह्यातला सर्वांत मोठा दावा आठवा. महाडच्या चवदार तळ्याचा. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. डिसेंबर १९२७मध्ये तळं खासगी असल्याचं सांगत बाबासाहेबांवर दावा दाखल झाला, खालच्या कोर्टाचा निकाल १९३१मध्ये आला आणि उच्च न्यायालयाचा १७ मार्च १९३७ रोजी. समोर बॅरिस्टर आंबेडकर असूनही सव्वानऊ वर्षं. त्या काळी अ‍ॅप असतं तर बाबासाहेबांना तारखा घरबसल्या कळल्या असत्या, एवढंच.

कोर्टाबाहेरच्या टायपिस्टचं काय झालं, हे कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. झाडाखाली टेबल टाकून बसणारा तो माणूस पूर्वी टाइपरायटरवर वकीलपत्र आणि प्रतिज्ञापत्र बडवायचा. आता त्याच टेबलावर लॅपटॉप, स्कॅनर आणि पावसाळ्यासाठी मोठी निळी ताडपत्री. ई-फायलिंग आल्यावर त्याचा भाव वधारला, कारण राज्यभरच्या वकील संघांनी ज्या सक्तीला विरोध केला, तिचा अर्धा भार प्रत्यक्षात यानेच उचलला आहे. जुना मजकूर ‘सुरेख’ फॉन्टात, नवीन युनिकोडात. एका यंत्रावर ‘वादी’ लिहिलेलं दुसऱ्यावर उघडलं की चौकोन आणि टिंबं. एकदा एक पक्षकार खोताच्या वेळचं मोडीतलं खत घेऊन आला. टायपिस्टनं ते मोठ्या प्रेमानं स्कॅन केलं, सरळ केलं, काळंभोर उठावदार केलं. मग दोघांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. आता ते दूरवरूनसुद्धा स्पष्ट दिसत होतं, फक्त वाचता कुणालाच येत नव्हतं. शिवाय सगळं ऑनलाइन भरून झाल्यावर कागदाची एक प्रत आणून द्यायची असतेच. लग्नाचं आमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तरी अक्षता घेऊन कुणी घरी आल्याशिवाय आपल्याला खरं वाटतं का?

व्हिडिओवरची सुनावणी हा आणखी वेगळा प्रकार. तिचे फायदे उघड आहेत. अलिबागचं कारागृह आंग्र्यांच्या हिराकोट किल्ल्यात आहे. तिथला कैदी नुसत्या पुढच्या तारखेसाठी गाडीत घालून आणायचा, दोन शिपाई सोबत द्यायचे, आणि वडखळच्या कोंडीत तिघांनी मिळून घामाघूम व्हायचं, हे टळतं. किल्ल्यातून माणूस थेट पडद्यावर येतो. साक्षीदार डॉक्टर दवाखाना न सोडता साक्ष देतात. पण आमच्या लोकांना बसून कोर्टाशी बोलायची सवय नाही. एका म्हाताऱ्याला नातवानं फोन लावून दिला. पलीकडे न्यायाधीश दिसताच आजोबा चपला काढून, हात जोडून उभे राहिले. फोन टेबलावर टेकवलेला. त्यामुळे कोर्टाला दिसत होतं ते फक्त बंडीचं शेवटचं बटण आणि कमरेची चाव्यांची जुडी. "आजोबा, बसा," असं पलीकडून दोन-तीनदा सांगितलं गेलं. आजोबा बसेनात. रोह्यात दसऱ्यानंतर धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस बंदुका उंचावून मानवंदना देतात. तिथे वाढलेल्या माणसाला मानाच्या जागी बसणं कसं जमेल? त्या मानानं गुजरातेत जून २०२५मध्ये एक गृहस्थ उच्च न्यायालयाच्या सुनावणीला थेट शौचालयातून हजर राहिले आणि लाखाचा दंड भरून बसले. बसण्याच्या बाबतीत आजोबांचंच बरोबर होतं म्हणायचं.

पेणमध्ये पार्श्वभूमी आपोआपच पवित्र होते. गणपतीचा कारखानदार श्रावणात कोर्टाला जात नाही. जगबुडी झाली तरी नाही. व्हिडिओची सोय झाली तेव्हा असाच एक जण कारखान्यातूनच हजर झाला. मागे मांडणीवर ओळीनं पांढरेशुभ्र गणपती, अजून रंग न लागलेले, डोळे न काढलेले. चेकच्या प्रकरणातली उलटतपासणी चालू होती, आणि प्रत्येक उत्तराला मागे पन्नास गणपती साक्षीला उभे. दिल्लीत २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं न्यायदेवतेच्या डोळ्यांवरची पट्टी काढली आणि तलवारीच्या जागी संविधान दिलं, तेव्हा मला हाच कारखाना आठवला. पेणमध्ये डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जाणत्या हाताकडे. बाकी रंग पोरं मारतात. कोर्टात नवीन यंत्रं बसवणाऱ्यांनी एकदा हमरापूर-जोह्याला येऊन हा क्रम बघून जावा. कारखानदारांना तंत्रज्ञानाशी वैर नाही हेही सांगितलं पाहिजे. पीओपीच्या मूर्तींवरचा उच्च न्यायालयाचा ९ जून २०२५चा आदेश, की मूर्ती घडवा पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन करू नका, इथे रंगानं माखलेल्या बोटांनी फोनवरच वाचला गेला. पूर्वी असा आदेश मुंबईहून येईपर्यंत गौरीही उठल्या असत्या.

निसर्ग वादळाबद्दल फार लिहीत नाही. एप्रिल २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभरच्या कोर्टांना व्हिडिओकडे वळवलं आणि ३ जूनला वादळानं आमचे विजेचे खांब आडवे केले. जनरेटरपाशी रांग लावून फोन चार्ज करणाऱ्या माणसाला कसली आली दूरस्थ सुनावणी? नशीब, दावे दाखल करण्याची मुदत १५ मार्च २०२०पासूनच थांबवलेली होती, ती पुढे २८ फेब्रुवारी २०२२पर्यंत थांबली. आमच्या दाव्यात त्यामुळे काही फरक पडला नाही. तो आधीपासूनच थांबलेला होता.

फरक पडला तो ४ ब मुळे. माझी बहीण डोंबिवलीला असते. नोकरी, मुलं, सासूबाई; तारखेला येणं तिला कधीच जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिनं यावं असं आम्हा भावांना कधी फार वाटलंही नाही. कोकणातल्या वाटपात बहिणींची जागा ठरलेली असते: हक्कसोडपत्रावर सही आणि दिवाळीला साडी. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२०ला सांगितलं की मुलीचा हक्क जन्मानंच येतो, २००५ साली बाप हयात असो वा नसो. तो निकाल तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं तिला पाठवला. त्यानंतर तिनं अ‍ॅप घेतलं. लोकलमध्ये चढली, खिडकी मिळाली की दावा उघडते. परवा तिचा फोन.

"दादा, १२ तारखेला तुमच्या वकिलांनी मुदत का मागितली?"

"कागद जमवायचे होते गं."

"कुठले?"

कुठले, हे मलाही माहीत नव्हतं. आजवर असा प्रश्न मला वादीनं विचारला नव्हता, कोर्टानंसुद्धा नाही. खारेपाटातल्या, नागोठण्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या किती घरांतून अशा ४ ब निघतील याचा विचार करून मला आमच्या भावकीची काळजी वाटते, आणि आत कुठेतरी बरंही वाटतं. ज्यांना गाडीभाडं, रजा आणि घरच्यांची परवानगी या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नव्हत्या, त्यांच्यासाठी ही सोय आहे. आपण रिकामटेकडे लोक तिचा उपयोग नुसता नंबर बघायला करतो.

मात्र एका गोष्टीचा मला खरंच खेद होतो, आणि तिच्याबद्दल कुठल्याही टप्प्याच्या अंदाजपत्रकात तरतूद दिसत नाही. वादी, म्हणजे माझा चुलतभाऊ, विरारला राहतो. घरच्या लग्नांत आम्ही एकमेकांशी बोलत नाही. तो मांडवात आला की मी आहेर द्यायला उठतो. मी पंगतीत बसलो की तो वाढायला घेतो. पण तारखेला कोर्टाच्या आवारात चहावाला एकच. दोघांना एकाच बाकावर, एकाच वेळी, काहीही न करता बसायचं असे. तासाभरानं मी म्हणे, "वहिनीचे गुडघे कसे आहेत?" तो म्हणे, "आहेत तसेच." मग चहा. पैसे कोणी द्यायचे यावर पुन्हा वाद, पण तो गोड. परतीची गाडीही एकच. त्या गाडीत त्यानं एकदा पिशवीतून शेंगदाणे काढले आणि न बोलता निम्मे माझ्या हातावर ठेवले. निम्मे म्हणजे अगदी मोजून निम्मे. वाटप आम्हाला जमत नाही, असं कोण म्हणतं?

असे दावे बाकावर मिटतात. वकील तडजोडनामा लिहितात, कोर्ट त्यावर हुकूमनामा करतं, लोकअदालतीत टाळ्या वाजतात. पण त्याआधी कुणीतरी कुणाला तरी तंबाखू पुढे केलेली असते. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११मध्ये सुरू झालं, तेव्हापासून त्या रस्त्यानं कुणाचं भलं केलं नाही असं सगळे म्हणतात. मी मात्र ऐकून आहे की वडखळच्या कोंडीत एसटी अडकली असताना दोन सख्ख्या भावांनी विहिरीचं पाणी दिवसाआड वाटून घ्यायचं ठरवलं. उतरायला जागा नव्हती, दुसरं करणार काय?

आता चुलतभाऊ पडद्यावर एका चौकोनात असतो. मी दुसऱ्या चौकोनात. पुकारा होतो, आमचे चौकोन उजळतात, तारीख पडते, चौकोन मिटतात. वहिनीच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली हे मला तिसऱ्याकडून कळलं. माझ्या हातात असतं, तर नुसती पुढची तारीख घ्यायच्या तारखा सगळ्या फोनवर ठेवल्या असत्या आणि वर्षातून एकदा सगळ्या पक्षकारांना समक्ष बोलावून त्याच बाकावर बसवलं असतं. ४ ब ला तर हटकून. पुकारा मात्र संध्याकाळपर्यंत करायचा नाही.

हे लिहीत होतो तेव्हाच तात्या आले. गेले काही महिने त्यांची एक अडचण झाली आहे. पूर्वी कोर्ट दारात येई ते बेलीफाच्या रूपानं. उन्हातान्हातून आलेला, घामेजलेला, आधी पाणी मागणारा आणि मग सही मागणारा. घरातून "घरी नाहीत" असं स्वतःच ओरडून सांगायची सोय होती. १ जुलै २०२४पासून नवे फौजदारी कायदे आले आणि कोर्टाचं समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गानंही येऊ शकतं. उलट पोलिसांनी हजर राहण्याच्या नोटिसा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५मध्ये बजावलं. हा फरक मलाच नीट उमगत नाही, तात्यांना काय सांगू? त्यात ते ‘डिजिटल अरेस्ट’चं पेव. अशी अटक कुठल्याच कायद्यात नाही. पण लुधियानाच्या एका बड्या उद्योगपतींना २०२४मध्ये भामट्यांनी चक्क सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी व्हिडिओवर दाखवली, खोटे सरन्यायाधीश बसवले आणि सात कोटी काढून घेतले. ते फसले, तर तात्यांचं काय, ही धास्ती मला होतीच. आणि तात्यांना परवा तसा फोन आलाच.

"काळा कोट होता, मागे अशोकस्तंभ होता, टेबलावर हातोडापण होता," तात्या सांगत होते. "माझं नाव घेतलं. माझ्यावर केस आहे बोलला. पैसे भरा, नायतर अटक."

माझ्या पोटात गोळा आला. "मग? भरलेत की काय?"

"छे. पयल्यांदा घाबरलो. हात जोडून बोललो, साहेब, म्हातारा माणूस आहे, पुढची तारीख द्या."

"मग?"

"तो बोलला, पुढची तारीख नाय, आजच्या आज निकाल." तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर झटकली. "तितंच मी ओळखला, आन फोन कट केला."